वाचकांचे प्रश्न : वाळवंटातील तंबूमुक्काम

राजस्थानातील वाळवंटी सहलींविषयी सोलापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे वीस-बावीस सभासद जैसलमेरजवळ तंबूत दोन रात्री राहण्याचा विचार करीत आहेत. एप्रिलमध्ये दर बरेच उतरतात, आणि सोलापूरचा उन्हाळा सोसलेल्यांना वाळवंटाचे काय भय, असे काहींचे म्हणणे आहे. आपला सल्ला काय? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : दर उतरतात, कारण जाणकार त्या दिवसांत तिकडे फिरकत नाहीत. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो हे खरे. परंतु तो उन्हाळा आपण पडदे ओढून, पंख्याखाली आणि माठाशेजारी काढतो, तंबूच्या कापडाखाली काढत नाही. एप्रिलपासून थरच्या वाळवंटात लू, म्हणजे भाजून काढणारा कोरडा वारा, वाहू लागते, धुळीची वादळे उठतात आणि दुपारचे चार-पाच तास बाहेर पडण्याची सोय राहत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळच आपण धरावा.

आपल्या मंडळींनी खरी धास्ती घ्यायची ती थंडीची. वाळू लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते. हवेत बाष्प नसते, वर ढग नसतात, त्यामुळे जमिनीतून निघणारी उष्णता अडवणारे काही उरत नाही आणि सूर्य मावळताच गारठा सुरू होतो. जानेवारीत सोलापूरची पहाट साधारण पंधरा-सोळा अंशांची असते. जैसलमेरला ती सात-आठ अंशांची, आणि थंडीची लाट आली तर त्याहूनही खाली जाते. सोलापुरी चादरीविषयी आम्हांलाही अभिमान आहे, पण तेथे ती एकटी पुरणार नाही. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि जाड स्वेटर प्रत्येकाच्या पिशवीत असावा. जैसलमेर आपल्या बरेच पश्चिमेला असल्याने जानेवारीत सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो, तेव्हा पाच वाजता उठून फिरायला जाण्याची सवय असलेल्यांनी तेवढे दोन दिवस अंथरुणातच थांबावे.

कोरड्या हवेत घाम अंगावर येताच वाळतो, म्हणून तहान लागली नाही तरी घोट घोट पाणी पीत राहावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी किती पाणी प्यावे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्या भिशी मंडळाला एका सहल कंपनीने ‘डेझर्ट कॅम्प’चे पत्रक दिले आहे. त्यात स्विस टेंट, उंटसफारी, जीपसफारी, लोकनृत्य आणि बुफे असे सारे एका रात्रीत बसवले आहे. पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे? (एक वाचक भगिनी, होटगी रोड)

उत्तर : हा तंबू नेमका कोठे आहे, हे आधी विचारावे. जैसलमेरहून पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर सम गावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत आणि बहुतेक पत्रकांतील ‘वाळवंट’ म्हणजे तेथील रस्त्यालगत दाटीवाटीने उभी केलेली तंबूंची रांग असते. दुपारी चारला पोहोचायचे, उंटावर फेरी मारायची, सूर्यास्ताचे फोटो काढायचे, नाच पाहत जेवायचे आणि सकाळी पोहे खाऊन गाडीत बसायचे, असा हा कार्यक्रम असतो. शेजारच्या चार तंबूगृहांचे ध्वनिक्षेपक एकाच वेळी चालू असतात. नातवंडे बरोबर असतील तर यात मजा आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु वाळवंटाची शांतता आणि चांदणे पाहण्यासाठी आपण एवढा प्रवास करणार असाल, तर ती एक रात्र वाया जाईल.

नैर्ऋत्येकडील खुडी गावाचा परिसर त्या मानाने निवांत आहे. तेथे किंवा समपासून आत, वस्तीपासून दूर छोट्या गटांसाठी मुक्काम करून देणारे स्थानिक लोक आहेत. उंटावरून वा जीपने नेऊन, तेथेच चुलीवर बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी करून वाढतात आणि उघड्यावर बाजा टाकून झोपण्याची सोय करतात. सांगरी म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो त्या शमीच्या शेंगा. मात्र अशा ठिकाणी स्वच्छतागृह आडोशापुरतेच असते. आपल्या मंडळात गुडघ्यांचा त्रास असलेल्या भगिनी असतील, तर एक रात्र स्वच्छतागृह जोडलेल्या स्विस टेंटमध्ये आणि एक रात्र आत, अशी विभागणी करावी.

बदली तंबू दिला तर काय, रद्द केल्यास किती रक्कम परत, रात्री संगीत किती वाजता थांबते, या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. जीपने टेकड्यांवर उड्या मारण्याचा प्रकार आम्ही स्वतः वगळायला सांगू. पाठीचे मणके दुखावतात आणि वाळू धरून ठेवणारे गवत-झुडूप चिरडले जाते. वाचलेल्या पैशांतून मांगणियार या तेथील लोकगायक समाजाच्या कलावंतांची बैठक मागावी. कमायचा हे तंतुवाद्य आणि खडताल ही लाकडी पट्ट्यांची टाळी ध्वनिक्षेपकाशिवाय, पाच हातांवरून ऐकण्यातच खरा आनंद आहे. कालबेलिया नृत्याला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तेही चित्रपटगीतांवर पाहण्याचे कारण नाही.

प्रश्न : उंटावर बसण्याची भीती वाटते. (एक वाचक, बाळे)

उत्तर : भीतीचे दोनच क्षण असतात. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. त्या वेळी खोगिराची मूठ धरून मागे रेलावे. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच रेलावे. कंबरेचे दुखणे असेल तर उंटगाडीत बसावे.

प्रश्न : नान्नजला आता माळढोक पक्षी दिसत नाही. जैसलमेरला दिसेल का? (एक शिक्षक, उत्तर सोलापूर)

उत्तर : खात्री कोणीच देऊ शकणार नाही, पण देशात शक्यता असेल तर ती तेथेच. आपल्याकडे नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले. आज या पक्ष्याची दीडशेच्या आत उरलेली संख्या बहुतांशी जैसलमेर जिल्ह्यात आहे. समजवळच्या सुदासरी भागात, मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्यासह जावे. तिकडे या पक्ष्याला ‘गोडावण’ म्हणतात. तेथे पोहोचल्यावर वाळूच्या टेकड्यांपेक्षा सेवण गवताचे सपाट माळ आपल्या अधिक ओळखीचे वाटतील, कारण हा पक्षी मुळात गवताळ माळांचाच आहे. माळांवरून गेलेल्या उच्चदाबाच्या विजेच्या तारा हा त्याच्या मृत्यूचा मोठा धोका आहे. हा जड पक्षी समोरचे नीट पाहू शकत नाही आणि तार जवळ येईपर्यंत वळण्याइतका वेळ त्याला उरत नाही. सम येथे २०१९ पासून बंदिस्त जागेत त्याच्या प्रजननाचा प्रयत्न सुरू आहे. उद्यानात गाडीतून उतरू नये, भडक कपडे टाळावेत आणि पक्षी दूर दिसला तरी गाडी जवळ न्यायला चालकाला सांगू नये.

प्रश्न : प्रवासात आणि मुक्कामात खाण्यासाठी काय न्यावे? (एक वाचक भगिनी, अक्कलकोट रोड)

उत्तर : ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची कोरडी चटणी. दोन्ही टिकतात आणि दोन्हींना शिजवणे लागत नाही. मुंबईमार्गे जोधपूर आणि तेथून जैसलमेर असा प्रवास दीड-दोन दिवसांचा होतो, त्यात याहून सोयीचे काही नाही. ताक-दही तेथे ढाण्यांवर, म्हणजे वाड्यावस्त्यांवर, सहज मिळते. भाकरीसाठी मात्र घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, कारण बारीक वाळू पिशवीच्या चेनमधूनही आत शिरते.