व्हेंटिलेटरवर दाब दिसतोच की, मग अन्ननलिकेत फुगा कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामा खानापूरचे, स्वादुपिंडाला सूज आली, पोट टम्म फुगलंय, फुफ्फुसंही बिघडली म्हणून बेळगावात व्हेंटिलेटरवर ठेवलंय. आता डॉक्टर नाकातून बारीक फुगा घालून अन्ननलिकेतला दाब मोजू म्हणतात. मशीनवर आकडे दिसत असताना हे बिल वाढवायला तर नव्हे?

मी याच भागात आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळण्याचं काम करतो. मामांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे फुगा घालाच किंवा नकोच, असं काही मी सांगणार नाही. पण शंका रास्त आहे.

मशीन जो दाब दाखवतं तो एकट्या फुफ्फुसाचा नसतो. एक फुगा मोकळ्यावर फुगवा, आणि तसलाच दुसरा तांदळाच्या भरल्या पोत्याखाली ठेवून फुगवा. दुसऱ्याला फुंकर जास्त लागते, पण त्यातली बरीचशी पोतं उचलण्यात जाते, फुग्याचं रबर तेवढं ताणलं जात नाही. मामांचं फुगलेलं पोट म्हणजे ते पोतं. ते खालून छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलतं आणि छाती आवळली जाते. मशीन फुंकर मोजतं, पोतं किती जड आहे ते त्याला कळत नाही.

छातीच्या पोकळीतला दाब थेट मोजायचा तर फुफ्फुसाच्या आवरणात सुई घालावी लागेल. ते कोण करणार? अन्ननलिका छातीच्या मधूनच खाली जाते, भिंत मऊ, म्हणून तिथला दाब साधारण तोच धरतात. मशीनच्या दाबातून तो वजा केला की फुफ्फुसाच्या वाट्याचा ताण उरतो.

आकड्यांत बघा, हे नुसतं उदाहरण आहे. मोजमाप पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. श्वास आत भरल्यावर मशीन ३२ दाखवतंय. आमच्याकडे ३० च्या वर गेलं की सगळ्यांच्या भुवया वर जातात. पण अन्ननलिकेत १५ निघाले तर फुफ्फुसावर १७ च, म्हणजे घाबरण्यासारखं नाही. उलट एखाद्या सडपातळ माणसाचे मशीनवर २८ आणि अन्ननलिकेत ४ असतील, तर फुफ्फुसावर २४ येतात, आणि काळजी या दुसऱ्याची जास्त करावी लागते. श्वास सोडतानाही तसंच. मशीनने शेवटी १० चा दाब धरून ठेवलाय, ज्याला आम्ही पीप म्हणतो, आणि अन्ननलिकेत १४ आहेत, तर उत्तर उणे ४ येतं. म्हणजे दर श्वासाला फुफ्फुसाचे खालचे कप्पे मिटतात आणि पुन्हा उघडतात, आणि त्या उघडझापीनेही इजा होते. अशा वेळी पीप वाढवायचा विचार होतो.

फुगा घालताना तो आधी पोटापर्यंत नेतात. मग हळूहळू मागे ओढत आणतात, आलेखावर हृदयाचे ठोके उमटू लागले की जागा जवळ आली. साधारण नाकपुडीपासून ३५ ते ४५ सेंटिमीटर. मग मशीन रोखून धरून छाती हलकी दाबून बघायची, दोन्ही दाब जवळजवळ सारखेच उठायला हवेत. अन्ननलिकेचा मशीनच्या तुलनेत ०.८ ते १.२ पट. ही तपासणी न करता लिहिलेल्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. फुग्यात हवा थोडी जास्त झाली तरी आकडा वर चढतो, कमी झाली तर खाली येतो. उताण्या झोपलेल्या माणसाच्या हृदयाचं ओझंही त्यात मिसळतं.

आता दुसरी बाजू. २००८ साली बोस्टनमध्ये ६१ रुग्णांवर हे करून बघितलं, रक्तातला ऑक्सिजन सुधारला, सगळे खूश. पुढे २०१९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या २०० रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाचा पीप फुग्याच्या आकड्यावरून, दुसऱ्याचा ठरलेल्या तक्त्यावरून चढा ठेवला होता. जीव वाचण्यात आणि व्हेंटिलेटरवरून सुटण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणून हे सरसकट सगळ्यांना करत नाहीत. माझ्या मते ज्याचं पोट किंवा अंगच छातीवर भार टाकतंय, त्याला ते सगळ्यात उपयोगी.

फुगा हा उपचार नाही, मोजपट्टी आहे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "आकडा आल्यावर मशीनमध्ये काय बदलणार?" नेमकं उत्तर मिळालं तर करू द्या. खर्चही त्यांनाच विचारा, मी अंदाज सांगून उपयोग नाही.

संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये असेल तर बिचकू नका. त्यात 'अन्ननाळ' असं येईल, ते आपलंच अन्ननलिका. समजेपर्यंत मराठीत सांगायला लावा.

आणि एक. लिव्हर खराब असलेल्यांच्या अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असतात, नळी घासली तर रक्त जाऊ शकतं. स्वादुपिंडाची सूज बऱ्याचदा दारूमुळे येते, आणि आपल्याकडे घरचे लोक नेमकं तेच लपवतात. मामा पीत असतील, कधी रक्ताची उलटी झाली असेल, तर मामींना बाजूला घेऊन विचारा आणि सही करायच्या आधी डॉक्टरांना सांगा.