बहिणीला सांगितलं, तुम्हाला नाही

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा वीस वर्षांचा, इथून तीन तासांवरच्या एका मोठ्या विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघात तो वॉक-ऑन क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, पण स्कॉलरशिप नसलेला. हायस्कूलला दोन वर्षं तोच स्टार्टर होता. तो अकरा वर्षांचा असल्यापासून मी त्याला थ्रोइंगच्या खासगी कोचकडे नेत आलोय, दर शनिवारी जाऊन-येऊन ऐंशी मैल. आता तो चौथ्या नंबरावर आहे. पुढचे तिघं स्कॉलरशिपवाले. तिसरा त्याच्यापेक्षा दहा यार्ड लांब फेकतो, हे मी मान्य करतो. नव्या नियमानं संघात 105 मुलंच ठेवायची आहेत. कोच म्हणतात, उंची 6 फूट 4 इंच आहे, टाइट एन्ड हो, म्हणजे चेंडू झेलायचा आणि समोरच्याला ढकलून अडवायचंही, स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये जागा देतो. क्वार्टरबॅक म्हणून राहिलास तर काही सांगता येत नाही. लमार जॅक्सन एवढा मोठा क्वार्टरबॅक, त्यालाही रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, हो म्हणाले होते. वॉरन मूनलाही पोझिशन बदल म्हणाले होते. दोघांनी ऐकलं नाही म्हणून ते मोठे झाले. मी मुलाला सांगतोय, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीत जा, लहान कॉलेजात जा, पण क्वार्टरबॅकच राहा. तो 'बघू' म्हणतो, पुढे काही बोलत नाही. स्काउट टीममध्ये त्याला कधीकधी टाइट एन्ड म्हणून उभं करतात. मध्ये एकदा पहिल्या डिफेन्ससमोर त्यानं सहा कॅच घेतले म्हणे, हे धाकट्या लेकीकडून कळलं. पण तो मुद्दा वेगळा. त्यानं हार मानावी की लढावं?
एक बाबा, टेक्सास

उत्तर:

बाबा, 'तो मुद्दा वेगळा' असं लिहून तुम्ही जे बाजूला सारलंत, त्याबद्दलच मी बोलणार आहे. बाकीचं पत्र मी दोनदा वाचलं. ते वाक्य दहा वेळा वाचलं असेल.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शनिवारी ज्यांना मैदानावर पाऊल टाकायला मिळणार नसतं, अशी मुलं आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगं घेतात. ही स्काउट टीम. पहिल्या फळीच्या डिफेन्सला सराव मिळावा म्हणून ती धावतात, आपटतात, उठतात, पुन्हा उभी राहतात. स्टँड रिकामे, टाळ्या नाहीत, स्कोअरबोर्ड बंद. अशा एका दुपारी तुमच्या मुलाला त्याची नसलेली जागा दिली गेली आणि त्यानं सहा कॅच घेतले. समोर त्याच विद्यापीठाची सर्वांत चांगली अकरा मुलं होती आणि ती त्याला अडवायलाच उभी होती.

त्या रात्री तुमच्या घरी फोन आला होता, बाबा. तो तुमच्या मुलीला आला होता.

नऊ वर्षं त्याच्या प्रत्येक थ्रोचा हिशेब ठेवणाऱ्या वडिलांना त्या दिवसाची बातमी धाकट्या बहिणीकडून कळते, आणि तुम्ही ती पत्राच्या शेवटी, 'म्हणे' लावून लिहिता. वाईट बातमी मुलं लपवतात हे ठाऊक आहे. आनंदाची बातमी वडिलांपासून का लपवावी लागली, एवढा एकच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा होता. त्याऐवजी तुम्ही मला लमार जॅक्सनबद्दल विचारताय.

त्यानं ती का लपवली, ते सांगते. कॅच घेताना मजा आली, एवढं जरी तो तुमच्याजवळ बोलला असता तरी तुमच्या लेखी तो कोचच्या बाजूला गेला असता. तुमच्या घरात हार आणि लढाई असे दोनच रकाने आहेत आणि ते सहा कॅच तुम्ही हारेच्या रकान्यात टाकले असते. मुलाला ते ठाऊक होतं. म्हणून तो तुम्हाला 'बघू' म्हणतो. आपल्याकडे वीस वर्षांचा मुलगा वडिलांना 'बघू' म्हणतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. फक्त ते तोंडातून काढायचं कसं, हे ठरलेलं नसतं.

आता तुमच्या दोन साक्षीदारांकडे येते, कारण तुम्ही त्यांना चुकीच्या खटल्यात उभं केलंय.

वॉरन मून वॉशिंग्टन विद्यापीठाचा मुख्य क्वार्टरबॅक होता. 1978 च्या रोझ बोल या मोठ्या कॉलेज सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही त्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या लीगचे सलग पाच ग्रे कप जिंकले, 1984 मध्ये अमेरिकेत परतून ह्यूस्टनच्या संघात आला आणि 2006 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. लमार जॅक्सननं 2016 मध्ये हाइस्मन जिंकली होती. म्हणजे त्या वर्षी सगळ्या देशातल्या कॉलेज खेळाडूंत तो पहिला. त्याला रिसीव्हर व्हायचा सल्ला दिला गेला, तो नाही म्हणाला, 2018 च्या ड्राफ्टमध्ये बत्तिसावा निवडला गेला आणि 2019 व 2023 मध्ये एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. या दोघांनी ती जागा आधीच जिंकलेली होती. कृष्णवर्णीय खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणून बघायचंच नाही, हा जुन्या काळापासून चालत आलेला दुष्टपणा होता. 1968 मध्ये मार्लिन ब्रिस्को डेन्व्हरसाठी क्वार्टरबॅक म्हणून खेळला, चांगला खेळला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी ती दारं बंद झाली. तो बफेलोला जाऊन रिसीव्हर झाला. त्याच्यावर झालेला अन्याय खरा होता, त्यासाठी चीड यायलाच हवी.

तुमच्या मुलाच्या पुढे तिघं आहेत आणि तिसरा दहा यार्ड लांब फेकतो, असं तुम्ही स्वतः लिहिलंय. ब्रिस्कोचं दुःख उसनं आणून तुमच्या घरात ठेवू नका. मून आणि जॅक्सन यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. तो नकार त्यांचा होता, त्यांच्या तोंडून आलेला. तुमच्या पत्रात क्वार्टरबॅकच राहायचं, हे वाक्य सगळीकडे तुमच्या तोंडी आहे. मुलाच्या तोंडी ते एकदाही आलेलं नाही. मी शोधलं.

105 चा आकडा मात्र खरा आहे, त्यात कोचचा डाव शोधू नका. जून 2025 मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती व्यवस्था मान्य करणाऱ्या विद्यापीठांना फुटबॉलमध्ये एवढीच मुलं ठेवता येतात. आधी 85 स्कॉलरशिपा असायच्या आणि त्यावर वॉक-ऑन मुलं कोच हवी तेवढी सांभाळायचे. आता एकेका जागेचा हिशेब होतो आणि त्यात चौथा क्वार्टरबॅक सर्वांत आधी निघतो, कारण मैदानावर क्वार्टरबॅक एका वेळी एकच असतो. पहिल्याला दुखापत झाली तर दुसरा, त्यालाही झाली तर तिसरा. टाइट एन्ड कित्येकदा दोन-दोन एकदम उतरतात. शिवाय पंट आणि किकऑफला, म्हणजे चेंडू लाथेनं लांब मारतात तेव्हा, धावून जायला कोचला अशीच उंच, पळणारी, टक्कर घेणारी मुलं लागतात. वॉक-ऑन मुलगा शनिवारी मैदानावर दिसतो तो बहुतेक वेळा याच वाटेनं. चौथा क्वार्टरबॅक अख्खा सीझन कोरड्या जर्सीत काढू शकतो.

29 नोव्हेंबर 2020 चा एक सामना तुम्हाला आठवत असेल, इतकी वर्षं तुम्ही हा खेळ बघताय. कोविडच्या नियमांमुळे डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक एकदम बाहेर बसले. संघानं केंडल हिंटन या सराव पथकातल्या रिसीव्हरला उभं केलं. वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो क्वार्टरबॅक होता आणि शेवटच्या वर्षी रिसीव्हर झाला होता. त्यानं नऊ थ्रो केले, एक पोचला, दोन समोरच्यांनी पकडले. डेन्व्हर 31-3 हरलं. पण त्या दिवशी एनएफएलच्या सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून तो उभा राहिला, तो रिसीव्हर होऊन त्या इमारतीत टिकला होता म्हणून. आणि समोर न्यू ऑर्लिन्सकडून क्वार्टरबॅकला कोण होता? टेसम हिल. तोही कॉलेजात क्वार्टरबॅक, 2017 मध्ये कुणी ड्राफ्ट केला नाही, ग्रीन बेनं सोडून दिला. न्यू ऑर्लिन्सनं घेतल्यावर त्यानं स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे त्याच लाथेच्या खेळ्यांच्या तुकडीत, टकरा घेतल्या, पंट अडवला, टाइट एन्डच्या जागी उभा राहिला. तो संघात टिकून होता, म्हणून मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ जखमी झाल्यावर चेंडू त्याच्या हातात आला. पोझिशन सोडली की सगळं संपलं, असं तुम्ही धरून बसलायत. त्या दिवशी दोन्ही बाजूंना पोझिशन बदललेली माणसं उभी होती.

उलट बाजूचं उदाहरण टिम टीबोचं. 2007 ची हाइस्मन त्याची. क्वार्टरबॅक म्हणून जमेना तेव्हा कित्येकांनी त्याला दुसरी जागा घे म्हणून सुचवलं. तो टाइट एन्ड व्हायला तयार झाला 2021 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, आणि सीझनआधीच्या पहिल्या सराव सामन्यानंतर जॅक्सनव्हिलनं त्याला सोडलं. पंचविशीत हो म्हणाला असता तर काय झालं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही. त्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटतं.

तुम्ही 1985 मध्ये दहा-बारा वर्षांचे असाल. मेलबर्नच्या मैदानावर ऑडीवर बसलेली आपली टीम तुम्हीही टीव्हीवर बघितली असणार. ती गाडी जिंकणारा रवी शास्त्री चार वर्षं आधी कसोटीत आला तेव्हा डावखुरा फिरकी गोलंदाज होता आणि दहाव्या नंबरावर बॅटिंग करायचा. संघाला सलामीला माणूस हवा होता, तो गेला. त्यानं हार मानली असं तेव्हा तुमच्या गल्लीत कुणी म्हणालं होतं का?

त्या ऐंशी मैलांबद्दल मला तुमची पाठ थोपटायची नाही. तुम्ही ते दिलेत, ते उसने नव्हते. मुलानं त्यांची परतफेड क्वार्टरबॅक होऊन करायची, असा हिशेब तुम्ही कधी बोलून दाखवला नसेल, पण त्याला तो रोज ऐकू येतो. त्याच्या गप्प राहण्यामागे दुसरं काही नाही.

हेही ऐका. तो सहा वेळा मोकळा सापडला कसा? क्वार्टरबॅक म्हणून वाढलेल्या मुलाला समोरचं डिफेन्स वाचता येतं. दोन डिफेंडरांच्या मधली रिकामी जागा कुठे उघडणार, चेंडू टाकणारा कोणत्या क्षणी तिकडे बघणार, हे त्याला आधी कळतं. व्हर्जिनिया टेकचा क्वार्टरबॅक लोगन थॉमस 2014 मध्ये क्वार्टरबॅक म्हणूनच ड्राफ्ट झाला, मग टाइट एन्ड झाला, आणि 2020 मध्ये वॉशिंग्टनसाठी त्यानं 72 कॅच घेतले. तुमचा मुलगा तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. तो पूल आणि रस्ते बांधेल. पण त्या सहा कॅचमध्ये तुमचे शनिवार होते, बाबा. तुम्ही ते ओळखलेच नाहीत.

त्याला टाइट एन्ड होऊ द्या. काम सोपं नाही. टॅकल या धिप्पाड खेळाडूशेजारी जमिनीला हात टेकून उभं राहायचं, आपल्यापेक्षा चाळीस-पन्नास पौंड जड माणसाला ढकलायचं, महिनोन् महिने खाऊन वजन वाढवायचं. क्वार्टरबॅकला प्रॅक्टिसमध्ये कुणी हात लावत नाही, इथे रोज मार बसेल. पहिल्या वसंतात तो वाईट खेळेल. पोर्टलचं नाव आता काढू नका. त्याचं शिक्षण तिथे चाललंय, त्याचे मित्र तिथे आहेत, आणि एका कोचनं त्याच्यात काहीतरी बघून त्याला जागा देऊ केलीय. अशी जागा सगळ्यांना मिळत नाही.

हा निर्णय मात्र तुम्ही त्याला कळवायचा नाही. 'जा, मी परवानगी देतो' असं म्हणालात तर ही जागाही तुमचीच होईल.

आज रात्री त्याचं जेवण झालं की फोन करा. रोस्टर नको, कोच नको, 105 नको, मून नको. 'ते सहा कॅच कसे घेतलेस, पहिल्यापासून सांग' एवढंच म्हणा आणि गप्प बसा. तो आधी अडखळेल, कुणी सांगितलं म्हणून विचारेल. खरं नाव सांगा. मग तो सांगेल. कोणता रूट, कोण अंगावर आला, चेंडू कुठे लागला, कोच काय ओरडले. मध्ये एकही सूचना करू नका, तुमच्या शनिवारांची आठवणही काढू नका. सहावा कॅच सांगून होईपर्यंत फोन ठेवू नका.

आणि लेकीला रागावू नका. भावाचा आनंद तिनं तुमच्यापर्यंत पोचवला.