इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर लोक अजूनही शेती का करतात? त्यांना भीती वाटत नाही का?

वाटते की! पण गाईला रोज वैरण लागते, ज्वालामुखी शांत असो वा नसो.

कामानिमित्त दीडेक वर्ष मध्य जावात होतो, तेव्हा सुट्टी मिळाली की मी सेलो गाठायचो. बोयोलाली जिल्ह्यातला हा भाग मेरापी आणि मेरबाबू या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत, साधारण १५०० मीटर उंचीवर आहे. मेरबाबू शांत, मेरापी तापट. हवा थंड; कोबी, गाजर, मिरची, कांद्याची पात, आणि पाऊस सरताना लावलेला तंबाखू. वावरं इतकी उभी की मी बसत-उठत चढायचो आणि पाठीवर गवताचा भारा घेतलेल्या आज्या शेजारून पुढे निघून जायच्या.

'राख पडते म्हणून जमीन सुपीक' हे उत्तर तुम्हाला सगळीकडे मिळेल. ते अर्धंच खरं आहे. ताजी राख म्हणजे खत नव्हे. भाजीवर बसली की पीक गेलं. २०१० च्या उद्रेकात सलाकच्या (सापाच्या कातडीसारखी साल असलेलं फळ) बागा राखेच्या ओझ्यानं मोडून पडल्या. त्या राखेची भुसभुशीत, पाणी धरणारी माती व्हायला फार काळ जातो. आज पिकतंय ते जुन्या उद्रेकांच्या जिवावर. आपली काळी जमीनही लाव्हाचीच की, फक्त सहा-साडेसहा कोटी वर्षं मुरलेली.

शिवाय जायचं कुठे? जावात दर चौरस किलोमीटरला हजाराहून जास्त माणसं राहतात. खाली रिकामं रान नाही.

आणि मग गाई. बोयोलाली दुधासाठी प्रसिद्ध आहे. सेलोत घराला लागून गोठा, बांधावर हत्तीगवत. (तिथेही त्याला 'हत्तीचं गवत'च म्हणतात, रुंपुत गाजाह.) भाजीचा पैसा हंगामात, दुधाचा रोज. २०१० मध्ये साडेतीनशेहून जास्त माणसं गेली, तरी छावणीतली माणसं दिवसा गुरांना चारा घालायला वर जात होती. शेवटी सरकारला गुरं विकत घेण्याची घोषणा करावी लागली. माझ्या मते हे सगळ्यात शहाणपणाचं पाऊल होतं, कारण नुसतं 'खाली या' म्हणून कोण येतं? नंतर शेजारच्या मागेलांग जिल्ह्यात कुठल्या गावानं कुठल्या गावात आसरा घ्यायचा, अशा गावांच्या जोड्याच ठरवल्या.

डोंगरावरून धडधडत उतरणाऱ्या तप्त वायू-राखेच्या लोटाला तिथे 'वेधुस गेंबेल' म्हणतात, म्हणजे कुरळ्या लोकरीचं मेंढरू. जावानी वर्षाच्या पहिल्या रात्री सेलोजवळच्या लेंचोह गावातून मेरापीला रेड्याचं मुंडकं अर्पण करतात. आणि उद्रेक झाला असं जुनी माणसं सहसा म्हणत नाहीत. म्हणतात, 'मेरापी दुवे गावे'. 'गावे' म्हणजे काम आणि घरचा समारंभही. हे समजावताना माझा यजमान इंडोनेशियन शब्द शोधत अडखळला; मला मात्र लगेच कळलं. डोंगराघरी कार्य आहे. मी विचारलं, मग तुम्ही काय करता? म्हणाला, "बाजूला होतो. दूध काढून."