माडी बांधू का सुट्टी घेऊ? आधी सुट्टी

ताई, तुम्ही लिहिलंय की नाशिकला स्वतःचं घर आहे, मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली, घरात रस्त्यावरून आणलेली तीन कुत्री आहेत आणि आता सात आणि दहा वर्षांची दोघं भावंडं फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ सांभाळायला, घरी आणायची आहेत. मिस्टर म्हणतायत १६ लाखांच्या एफडीतले १४ लाख काढून वर दोन खोल्या चढवू, आणि तुम्हाला एक वर्ष बिनपगारी रजा हवीय, दोन्ही परवडणार नाही तर काय करू.

रजा घ्या. माडी राहू द्या.

आता आकडे बघा. मिस्टरांचे हातात ९२ हजार येतात, घरखर्च ५५, कुत्र्यांचे ९ आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातली महिन्याची गुंतवणूक) १५, म्हणजे उरले १३. दोन मुलांचे शाळा, शिकवणी, कपडे, खाणं, लागलं तर समुपदेशन असे महिन्याला २२ हजार धरले तर तुमच्या पगाराचे ३८ हजार नसताना महिन्याला ९ हजार कमी पडतात, वर्षाचे १ लाख ८ हजार. त्यात सुरुवातीला पलंग, सायकली, दप्तरं वगैरे लाखभर. म्हणजे दोन-सव्वादोन लाखांत तुमचं वर्षभर घरात असणं होतंय, एसआयपी न थांबवता, आणि एफडीत पावणेचौदा लाख शिल्लक राहतात. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत एका मुलामागे महिना ४,००० ची तरतूद आहे, पण हिशोबात ते धरूच नका, मिळाले तर मुलांच्या नावावर बाजूला टाका.

माडीला माझा विरोध का, तर फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नाही हो. मुलांना तुमच्याकडे सोपवणारी सरकारी बाल कल्याण समिती आढावा घेत असते, आईवडिलांची परिस्थिती सावरली तर मुलं परत जाऊ शकतात आणि जायलाच हवीत, मग रिकाम्या दोन खोल्या आणि रिकामी एफडी घेऊन बसायचं का? माझ्या एका क्लायंटनी हौसेनी खोली सजवली होती, मुलं आठ महिने हॉलमध्ये त्यांच्याच शेजारी गादी टाकून झोपली, एकटं झोपायची भीतीच वाटायची त्यांना. पहिल्या वर्षी या पोरांना माणूस लागतं, शाळेतून आल्यावर दार उघडणारं, आणि ते तुमच्या रजेतूनच मिळणारे. मुलीची खोली आहेच की.

कुत्र्यांचं मात्र मी थोडं कडक बोलणारे. तीनवर थांबा, निदान ही दोन वर्षं. गोचीड ताप नाहीतर एखादं ऑपरेशन आलं की महिन्याचं गणित कोलमडतं, म्हणून फक्त त्यांच्यासाठी महिना २ हजारांची आरडी (बँकेतलं आवर्ती खातं) सुरू करा, घरखर्चातूनच काढून. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी तारखेला, आणि जिन्यापाशी जाळीचं दार लावून घ्या, कारण मुलं कुत्र्यांना घाबरणारी असली तर पहिले काही दिवस दोघांनाही आपापली जागा लागेल. गृहभेटीला येणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना कुत्र्यांबद्दल तुम्ही स्वतःहून सांगा, लपवू नका.

दोन कामं मुलं यायच्या आधीच. एक, तुमची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (सगळ्या घराचा एकत्र आरोग्यविमा) फॉस्टर मुलांना घेते का हे कंपनीकडून लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसीत पोटची आणि कायदेशीर दत्तक एवढीच मुलं बसतात, नाहीच म्हणाले तर त्यांच्या आजारपणासाठी दीड लाख एफडीतच वेगळे ठेवा. दुसरं मृत्युपत्र. फॉस्टर मुलांना कायद्यानं वारसा हक्क नसतो, त्यामुळे त्यांच्या शिक्षणासाठी काही ठेवायचं असेल तर ते स्पष्ट लिहावं लागेल, आणि मुलीला समोर बसवून, तिला नंतर कळलं असं नको. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षं सांभाळल्यावर, मुलं दत्तकासाठी कायद्यानं मोकळी ठरली असतील तर, दत्तकासाठी अर्ज करता येतो (आधी पाच वर्षं होती), तसं झालं तर माडीचा विषय परत काढू, तोवर रजा संपून तुमचा पगारही सुरू झालेला असेल.

पॉलिसीवाल्यांचं उत्तर आलं की कळवा, मग मृत्युपत्राचं बघू.