ॲम्बॅसिडरचं छत कापलं, आता गॅरेजवाला गाडी सोडत नाही

प्रश्न : वडिलांची १९६८ची ॲम्बॅसिडर आहे. आजीला तुळजापूरला नेत ती हीच. रंग आणि चाकं आधीच बदलली होती. गाडी बोजड दिसते म्हणून छत तीन इंच खाली घ्यायला आणि डिकी आखूड करायला संभाजीनगरच्या एका गॅरेजला दिली. साडेतीन लाख दिले. आता दरवाजे लागत नाहीत, पुढची काच बसत नाही. वर दीड लाख मागतात, गाडी अडवली आहे. चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, हात लावलेला नाही. ठरलेला आकार करून घेता येईल का? आरटीओत पास होईल का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. दोन दरवाजांमधल्या खांबावर वेल्डिंगचा जाड वळ आहे, त्यावर थापलेली लांबी (पुट्टी) आत्ताच तडकली आहे. जीव हळहळला.

आधी कडू तेवढं सांगतो. तो आकार आता विसरा. काम उत्तम झालं असतं तरी आरटीओत पास झालं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. दंड मालकाला होतो : प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि 'चेसिसला हात लावला नाही' यावर विसंबू नका. ॲम्बॅसिडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसतेच, पत्र्याची बॉडीच भार पेलते. खांब कापले म्हणजे गाडीचा कणाच कापला.

याहून मोठं नुकसान तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण बॉडीशेल (पत्र्याचं कवच), चेसिस किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा लागतो. छत कापून तुम्ही तो हक्कच धोक्यात घातलात.

आता पैशांचं. 'ठरल्याप्रमाणे आकार दिला नाही' अशी तक्रार करू नका. करारच बेकायदा होता, असं म्हणून समोरचा वकील करार कायद्याचं कलम २३ पुढे करील. तक्रार निकृष्ट कामाची करा आणि मागणी ठेवा गाडी मूळ आकारात आणून देण्याची, किंवा त्या खर्चाच्या भरपाईची. तुम्ही उदगीरला राहता, त्यामुळे लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, संभाजीनगरला खेटे घालायला नकोत. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीने बदल कागदावर येईल हे खरं, पण तो लपवणं त्याहून वाईट.

गाडी अडवायचा हक्क कारागिराला करार कायद्याच्याच कलम १७० ने मिळतो, पण ज्या कामासाठी वस्तू दिली ते नीट केलं असेल तरच. इथे दरवाजासुद्धा लागत नाही! दीड लाख देऊ नका. आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि तीत कापलेले पत्रे, खांबांचे तुकडे, जुनी काच, रबर सगळं परत मागा. ते भंगारात गेलं तर मूळ आकार जुळवणं फार जड जाईल. मिळालेल्या तुकड्यांचे फोटो काढा, पैसे दिल्याच्या पावत्या, मेसेज जपा. आयोगाकडे तज्ज्ञाकडून तपासणीचीही मागणी करा, तोवर त्या वेल्डिंगला कुणाला हात लावू देऊ नका.

आणि गाडी सुटली तर चालवत आणू नका. ट्रकवर घालून आणा.