वाचकांचे प्रश्न: लाइन लांब, व्होल्टेज कमी

प्रश्न: सर, ट्रान्सफॉर्मरपासून ८०० मीटर ओव्हरहेड लाइन टाकलीय, थ्री फेज, ३० चौरस मिमीची ॲल्युमिनियम-स्टील वायर. टोकाला साडेसात किलोवॉटची मोटर आहे, ती १५ अँपिअर घेते. मी हिशोब केला, ०.९३ ओहम प्रति किमी गुणिले ०.८ गुणिले १५, आला ११ व्होल्ट. पण मोटर चालू असताना ट्रान्सफॉर्मरपाशी ४०० आणि मोटरपाशी ३७८ दिसतात. मीटर खोटं बोलतंय का?

उत्तर: मीटर बरोबर आहे, हिशोब अर्धवट आहे. तुम्ही काढलेले ११ व्होल्ट हे एका वायरमधले, आणि मीटरवर वाचताय ते दोन फेजमधलं व्होल्टेज, म्हणून थ्री फेजमध्ये १.७३ ने गुणायचं राहिलं. (सिंगल फेज असती तर २ ने, कारण करंट जातो तसा परतही येतो.) तेवढं केलं की ११ चे १९ होतात, म्हणजे बराचसा फरक इथेच मिटला.

उरलेल्या तीनेक व्होल्टसाठी दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे ०.९३ हा आकडा २० डिग्रीचा आहे, उन्हात लटकणारी वायर सहज ५० डिग्रीला जाते, आणि ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्का वाढतो, म्हणजे ३० डिग्रीला १२ टक्के, तर ०.९३ चे १.०४ धरा. दुसरी गोष्ट बहुतेक जण सोडूनच देतात, ती म्हणजे रिॲक्टन्स, म्हणजे वायरीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एसी करंटला होणारा विरोध. केबलमध्ये वायरी एकमेकींना चिकटून असतात म्हणून तो किरकोळ, साधारण ०.०८ ओहम प्रति किमी, पण ओव्हरहेडमध्ये वायरींत अंतर असतं त्यामुळे तोच ०.३३ च्या आसपास जातो. म्हणून पूर्ण हिशोब असा: १.७३ × करंट × किलोमीटर × (रेझिस्टन्स × कॉस फाय + रिॲक्टन्स × साइन फाय). कॉस फाय म्हणजेच पॉवर फॅक्टर (करंटचा प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८५ धरला तर साइन फाय ०.५३, कंसातली बेरीज १.०६ येते, आणि ड्रॉप, म्हणजे लाइनमध्ये पडलेलं व्होल्टेज, २२ व्होल्ट, म्हणजे साडेपाच टक्के. तुमच्या मीटरने हेच सांगितलं.

एक सांगतो, रीडिंग नेहमी लोड चालू असताना आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी घ्या, तुम्ही घेतलंत तसं. मोटर बंद करून टोकाला ४०० बघून खूश होणारे खूप भेटतात, करंटच नाही तर ड्रॉप कुठून येणार!

प्रश्न: मग वायर जाड केली की काम झालं ना? आणि कपॅसिटर लावला तर?

उत्तर: फायदा होतो, पण जाडीच्या प्रमाणात नाही. ५० चौरस मिमी टाकली तर वरच्याच हिशोबाने ड्रॉप साडेचौदा व्होल्टवर येतो, १०० ची टाकली तर नऊवर. म्हणजे वायर सव्वातीन पट जाड केली आणि ड्रॉप अडीच पटसुद्धा कमी झाला नाही, कारण जाडीने रेझिस्टन्स घटतो, रिॲक्टन्स जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे जाड वायर घेण्याआधी हा हिशोब मांडाच, नाहीतर पोलवर वजन वाढतं आणि हाती फार काही लागत नाही.

कपॅसिटरने पॉवर फॅक्टर सुधारतो, पण तो मोटरपाशीच लावायचा, ट्रान्सफॉर्मरपाशी लावून या लाइनच्या ड्रॉपला काही उपयोग नाही. पॉवर फॅक्टर ०.८५ चा ०.९७ झाला तर करंट १५ वरून १३ वर येईल, पण ड्रॉप फक्त दोनेक व्होल्टने कमी होईल, कारण बारीक वायरीत रेझिस्टन्सच मोठा असतो. जाड वायरीच्या आणि हाय व्होल्टेज लाइनवर कपॅसिटरचा परिणाम याहून चांगला दिसतो.

खरी परीक्षा स्टार्टिंगची आहे. मोटर डायरेक्ट सुरू केली तर करंट सहापट, ९० अँपिअर, आणि पॉवर फॅक्टर ०.३ पर्यंत खाली, म्हणजे त्या क्षणी रिॲक्टन्स रेझिस्टन्सइतकाच नडतो. कच्चा हिशोब ७८ व्होल्ट सांगतो, प्रत्यक्षात व्होल्टेज पडल्यावर मोटर करंटही थोडा कमी खेचते म्हणून ६५ च्या आसपास. टोकाला उरले ३३५, आणि टॉर्क (मोटरचा फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ७० टक्केच. भरलेल्या लोडवर सुरू होणारी मोटर इथे गुरगुरत बसते, आणि लोक मोटर जळायला आलीय म्हणून मिस्त्रीला बोलावतात.

लोड खूप वाढणार असेल किंवा अंतर एकदोन किमीच्या पुढे जाणार असेल तर वायरीच्या मागे लागू नका, व्होल्टेज वाढवा. तेवढ्याच पॉवरला आणि त्याच वायरीवर व्होल्टेज दुप्पट केलं तर करंट अर्धा होतो आणि टक्क्यांतला ड्रॉप चौथाई. हाय व्होल्टेज लाइन पुढे नेऊन ट्रान्सफॉर्मर लोडजवळ आणतात तो याचसाठी.

प्रश्न: लोड एका टोकाला नसून लाइनभर वाटलेला असेल तर?

उत्तर: अगदी सारखा वाटलेला असेल तर तोच एकूण करंट टोकाला धरून काढलेल्या ड्रॉपच्या निम्मा. सारखा नसेल तर पोलपोलचा टप्पा धरा, प्रत्येक टप्प्यात पुढच्या सगळ्या लोडचा करंट घ्या आणि बेरीज करत जा, कंटाळवाणं आहे पण चुकत नाही.

प्रश्न: कधीकधी टोकाचं व्होल्टेज सुरुवातीपेक्षा जास्त असतं असं वाचलं, खरं का?

उत्तर: खरं आहे, पण तुमच्या ८०० मीटरवर नाही. याला फेरांती इफेक्ट म्हणतात, सेबास्टियन दे फेरांती या इंजिनिअरच्या नावावरून, लंडनच्या डेप्टफर्डमधल्या त्यांच्या १०,००० व्होल्टच्या यंत्रणेत, १८९० च्या सुमारास, तो ध्यानात आला. लांब लाइन स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, लोड नसला की तिचा चार्जिंग करंट लाइनच्या रिॲक्टन्समधून जाताना व्होल्टेज वर चढवतो. ५० हर्ट्झला ३०० किमीच्या रिकाम्या लाइनवर ही चढ साधारण ५ टक्के, ५०० किमीवर १५ टक्के. म्हणून अशा लाइनींना रिॲक्टर, म्हणजे हा चार्जिंग करंट भरून काढणारी कॉइल, जोडतात. ८० किमीपर्यंत ओव्हरहेड लाइनची कपॅसिटन्स हिशोबात धरतच नाहीत, वरचं सूत्र पुरतं.