वाचकांचे प्रश्न : दंतवैद्यकातील एमडीएस – मुखशस्त्रक्रिया घ्यावी की हिरड्यांची शाखा?

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी (एमडीएस), विशेषतः मुख व जबडा शस्त्रक्रिया आणि हिरड्यांचे उपचार या दोन शाखांविषयी, मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी वसमत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलीची बीडीएसची (दंतवैद्यकाच्या पदवीची) इंटर्नशिप संपत आली आहे. तिला मुखशस्त्रक्रियेत एमडीएस करायचे आहे. नातेवाईक म्हणतात, रात्री-अपरात्रीची ऑपरेशने मुलीच्या जातीला झेपणार नाहीत. आणि हिरड्यांची शाखा घेतली तर दवाखान्यात माशा मारत बसावे लागेल. काय करावे?

उत्तर : सर, हा निर्णय तुमच्या लेकीचा आहे आणि पत्रावरून तो तिने घेतलेलाही दिसतो. नातेवाइकांच्या बोलण्यात थोडे तथ्य आणि बरीच ऐकीव माहिती मिसळली आहे, तेवढी वेगळी करून सांगतो.

मुखशस्त्रक्रियेची तीन वर्षे दगदगीची असतात, हे खरे आहे. जबडा मोडलेला रुग्ण दिवसाउजेडीच येईल असे नसते. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर अंधारात मोटारसायकल आदळून आलेली तरुण मुले आपल्याकडच्या अपघात विभागांना चांगलीच परिचयाची आहेत. त्याशिवाय आडव्या अडकलेल्या अक्कलदाढा, जबड्यातील गाठी, किडक्या दाढेतून मानेपर्यंत उतरलेला पू, जखडलेला जबड्याचा सांधा आणि सुपारी-गुटख्याने आखडत गेलेले तोंड ही या शाखेची नेहमीची कामे आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण ओपीडीतील रुग्णांची तोंडे पाहून ते कुणाला खरे वाटणार नाही. तथापि ही दगदग मुलग्यांना जेवढी होते तेवढीच मुलींना होते. मोडलेला जबडा बसवताना मनगटाच्या जोरापेक्षा दातांची ठेवण ओळखणारी नजर अधिक कामाला येते. आणि रात्रपाळीचे म्हणाल, तर प्रसूती विभागातील डॉक्टर स्त्रिया ती वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत; त्यांची काळजी नातेवाइकांनी केल्याचे ऐकिवात नाही.

विचार करायचाच असेल तर तो शिक्षण संपल्यानंतरच्या दिवसांचा करावा. मुखशल्यचिकित्सकाला मोठ्या कामासाठी ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ लागतो, म्हणजे तो कुठल्या ना कुठल्या रुग्णालयाशी बांधलेला राहतो. तालुक्याच्या गावी स्थायिक झालेले अनेक जण गाडीत हत्यारांची पेटी ठेवून चार-पाच गावांच्या दवाखान्यांत व्हिजिटिंगला जातात. कामाला तोटा नाही, पण फिरतीला पर्यायही नाही. हिरड्यांच्या तज्ज्ञाचे बहुतेक काम मात्र स्वतःच्या दवाखान्यातील खुर्चीवर, केवळ दाताभोवतीची जागा बधिर करून होते.

माशा मारण्याविषयी मात्र माझे मत नातेवाइकांच्या अगदी उलट आहे. हिरड्यांच्या शाखेला विद्यार्थी उगाच कमी लेखतात. मधुमेह, तंबाखू आणि मिश्री यांच्या या मुलुखात हिरड्यांच्या रुग्णांना तोटा नाही. अडचण आहे ती रुग्ण टिकण्याची. हिरड्यांचा आजार बहुधा न दुखता वाढतो आणि एकदा रक्त यायचे थांबले की आपला माणूस ‘बरे झाले’ म्हणून परत फिरकत नाही. या आजारात उपचारानंतरही साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी लागते, नाहीतर केलेले काम वर्ष-दोन वर्षांत वाया जाते. ज्याला रुग्णाशी तेच ते बोलण्याचा कंटाळा येतो, त्याने या शाखेच्या वाटेला जाऊ नये. ज्याला तो येत नाही, त्याचा दवाखाना रिकामा राहत नाही.

शेवटी, शाखेइतकेच महत्त्व महाविद्यालयाला द्यावे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय घाटीच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) परिसरात असल्याने शेजारी मोठे वैद्यकीय रुग्णालय आहे, आणि मुखशस्त्रक्रियेच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट फार उपयोगी पडते. खासगी महाविद्यालय पाहत असाल तर फी विचारण्याआधी मुलीने त्या विभागात एक सकाळ बसून यावे. पूर्ण भूल देऊन होणारी ऑपरेशने आठवड्याला किती, त्यांत विद्यार्थ्याच्या हाती सुरी येते की केवळ जखम ओढून धरण्याचे काम मिळते, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारावे. ते खरे सांगतात.

प्रश्न : मी लातूरला इंटर्न आहे. प्रवेश परीक्षा कशी असते आणि तीन वर्षांत प्रत्यक्ष काय शिकवतात? परदेशात जाऊन हेच करता येईल का?

उत्तर : नीट-एमडीएसमध्ये तीन तासांत २४० बहुपर्यायी प्रश्न असतात; बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि राज्याच्या वाट्याच्या जागांची प्रवेशप्रक्रिया राज्याचा सीईटी कक्ष राबवतो. माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचावी. जागा सोडल्यास भरावा लागणारा दंड बहुतेकांना जागा सोडतानाच कळतो.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र अशा पायाभूत विषयांची परीक्षा असते. मुख्य लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या शेवटी होतात. मधल्या काळात प्रबंध, सेमिनार, जर्नल क्लब आणि लॉगबुक यांचा ससेमिरा पाठीशी असतो. खरे शिक्षण अर्थातच रुग्णाजवळ होते.

हिरड्यांच्या विभागात सुरुवात प्रोबने होते. मिलिमीटरच्या खुणा असलेली ही बोथट टोकाची बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद उतरवायची आणि प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजायची. एक जण ‘तीन, दोन, पाच’ असे आकडे सांगत जातो, दुसरा तक्त्यात लिहून घेतो; अठ्ठावीस दातांचे १६८ आकडे झाले की आजाराचा नकाशा समोर येतो. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली सामान्य समजतात, त्यापुढे संशय सुरू होतो. हात जड असेल तर आकडा वाढतो, हलका असेल तर खिसा, म्हणजे आजाराने खोल झालेली फट, सुटतो. म्हणून पहिले काही महिने शिक्षक मागे उभे राहून तेच दात पुन्हा मोजतात. मग मुळांची खोल सफाई, चार ते सहा आठवड्यांनी फेरतपासणी, आणि त्यानंतरही खोल खिसे उरले तरच फ्लॅपची (हिरडी उचलून आतून सफाई करण्याची) शस्त्रक्रिया, हाडाची भर आणि इम्प्लांट अशी चढण असते.

मुखशस्त्रक्रियेत बधिरीकरण, सामान्य शस्त्रक्रिया आणि अपघात या विभागांतही काम करावे लागते. मोडलेल्या जबड्याच्या रुग्णात नवा विद्यार्थी आधी तार वळायला शिकतो : दातांच्या रांगेला धातूची पट्टी लावायची, प्रत्येक दाताभोवती बारीक तार फिरवून ती पिळायची आणि वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळवून बांधायचे. दात जुळले की हाडाचे तुकडे कुठे बसायचे ते कळते आणि मगच टायटॅनियमची पट्टी स्क्रूने बसवतात. दात न जुळवता घाईने पट्टी बसवलेल्या रुग्णाचे हाड एक्स-रेमध्ये उत्तम दिसते, पण त्याला भाकरी चावता येत नाही. जबड्याचे ऑपरेशन दंतवैद्याने का करायचे, असे विचारणाऱ्यांना मी हेच उत्तर देतो.

परदेशाबद्दल थोडक्यात : अमेरिकेत मुखशस्त्रक्रियेचे प्रशिक्षण चार वर्षांचे, आणि वैद्यकीय पदवीसह घेतल्यास साधारण सहा वर्षांचे असते, इंग्लंडमध्ये या शाखेसाठी दंत आणि वैद्यकीय अशा दोन्ही पदव्या लागतात. आपल्या एमडीएसवर तेथे थेट व्यवसाय करता येत नाही.

प्रश्न : बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा बारा वर्षांपासून दवाखाना आहे. आता तीन वर्षे सोडून शिकायला जाणे शक्य नाही. शनिवार-रविवारचे शस्त्रक्रियेचे कोर्स निघाले आहेत, ते करून पाटीवर ‘मुखशल्यचिकित्सक’ लिहावे का?

उत्तर : डॉक्टर, कोर्स जरूर करा, पाटी मात्र बदलू नका. बीडीएसला दाढ काढण्याचा, साधी अक्कलदाढ कापून काढण्याचा, टाके घालण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यात हात सुधारत असेल तर रुग्णाचाच फायदा आहे. परंतु तज्ज्ञ म्हणवून घेण्यासाठी त्या विषयातील मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी हवी. हॉटेलच्या सभागृहात मिळालेले फेलोशिपचे प्रमाणपत्र ती जागा घेऊ शकत नाही.

अशा कोर्समध्ये केस कशी करावी हे शिकवतात, कोणती केस करू नये यावर फारसा वेळ देत नाहीत. म्हणून एवढे सांगतो : दाढेच्या दुखण्यात जबड्याखाली दोन्ही बाजूंना टणक सूज आली असेल, जीभ वर उचलली गेली असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर खुर्चीवर बसवून दाढ काढण्याच्या भानगडीत पडू नये. ही सूज काही तासांत श्वास कोंडू शकते. आधी फोन करून, भूलतज्ज्ञ आणि थिएटर असलेल्या रुग्णालयात रुग्ण ताबडतोब हलवावा.

प्रश्न : माझी आई (वय ५५, राहणार जालना) लग्नाआधीपासून मिश्री लावते. तिला मधुमेह आहे. दात हलतात, पण रक्त येत नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवले आणि तेथे फ्लॅपचे ऑपरेशन सुचवले. त्यापेक्षा सगळे दात काढून कवळी बसवणे बरे नाही का?

उत्तर : ताई, रक्त येत नाही यावर विसंबू नका. तंबाखूने हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत आजार वाढत असतानाही वरून रक्त दिसत नाही; मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सगळे दात काढण्याची घाई करू नका. किंचित हलणारे दात वाचू शकतात. खाली दाबले तरी हलणारे, मुळाशी हाड न उरलेले दात काढावेच लागतात. कोणते दात कोणत्या गटातले आहेत हे तज्ज्ञांना एक्स-रे समोर ठेवून दाखवायला सांगा.

फ्लॅपआधी मुळांची खोल सफाई आणि त्यानंतरची फेरतपासणी झाली आहे का, तेही विचारा. झाली नसेल तर आधी ती करून घ्या. साखर आटोक्यात नसेल तर जखम नीट भरत नाही, आणि हिरड्यांतील जंतुसंसर्गामुळे साखर आटोक्यात ठेवणेही अवघड होते, म्हणून दोन्ही उपचार बरोबरीने चालले पाहिजेत. मिश्री एकदम सुटत नसेल तर निदान ऑपरेशनच्या आधी आणि टाके निघेपर्यंत तिला हात लावू देऊ नका. आणि पुढच्या भेटीला जाताना गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी अहवाल आणि आईच्या चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, तज्ज्ञांना दाखवा.